वाचकांचे प्रश्न : वय झाले म्हणून गाडी सोडायची का?

मागील अंकात ज्येष्ठांचा तोल जाणे आणि पडणे याविषयी लिहिताना, "गाडी चालवणाऱ्या ज्येष्ठांचा विचार स्वतंत्रपणे करावा लागेल," असे एक वाक्य ओघात लिहून गेलो होतो. त्या एका वाक्यावर आलेली पत्रे मूळ लेखावरच्या पत्रांहून अधिक निघाली. मराठवाड्यातल्या कितीतरी घरांत मुले पुण्या-मुंबईला आणि आई-वडील गावी अशी स्थिती आहे. दवाखाना, बँक, लग्नकार्य आणि शेत या सगळ्यांसाठी वडिलांच्या हातातली गाडी हाच आधार असतो. त्यामुळे हा प्रश्न केवळ अपघाताचा राहत नाही. त्यातील सहा पत्रांना येथे उत्तरे देत आहे. पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार वगळली आहेत.

प्रश्न : माझे वडील ७६ वर्षांचे असून निवृत्त मुख्याध्यापक आहेत. आई-वडील दोघेच अंबाजोगाईला राहतात आणि मी नोकरीनिमित्त पुण्यात असतो. दिवाळीत घरी गेलो तेव्हा गाडीच्या डाव्या अंगाला, पुढच्या दारापासून मागच्या चाकापर्यंत ओरखडे दिसले. "उभ्या गाडीला कुणीतरी घासून गेलं," असे वडील म्हणाले. आईने मात्र मला बाजूला घेऊन सांगितले की, लातूरहून परत येताना रेणापूरच्या पुढे ते फाटा चुकले आणि बरेच अंतर गेल्यावर त्यांच्या लक्षात आले. त्या रस्त्याने ते ३० वर्षे ये-जा करत आहेत. त्यांनी गाडी चालवावी की नाही, हे कसे ठरवायचे?

उत्तर : नुसत्या ओरखड्यावरून काहीच ठरत नाही, कारण बाजारपेठेत उभ्या केलेल्या गाडीला ओरखडा पडणे ही रोजची गोष्ट आहे. फाटा तर कुणाचाही चुकतो. परंतु ३० वर्षांच्या ओळखीच्या रस्त्यावर वळण चुकणे, ते बराच वेळ लक्षात न येणे, आणि त्याच सुमारास गाडीची एकच बाजू वारंवार घासल्यासारखी दिसणे, या गोष्टी एकत्र आल्या की त्यांची नीट तपासणी झालीच पाहिजे. आपल्या मातोश्रींनी ही गोष्ट आपल्याला बाजूला घेऊन सांगितली, यावरून त्यांनाही काहीतरी खटकलेले आहे असे मला वाटते, आणि शेजारच्या सीटवर रोज बसणाऱ्या माणसाचे निरीक्षण मी फार मोलाचे मानतो.

वयाचा आकडा पाहून निर्णय घेऊ नये, हे आधी स्पष्ट करतो. डोळे, मेंदू आणि पाय धड असलेल्या ७८ वर्षांच्या गृहस्थांच्या गाडीत मी निश्चिंतपणे बसेन; पण वर्षानुवर्षे साखर ताब्यात नसलेल्या आणि पायांची संवेदना गेलेल्या ५८ वर्षांच्या माणसाच्या गाडीत बसणार नाही. वयाबरोबर काही गोष्टी सर्वांच्याच बदलतात, हेही तितकेच खरे. साठीतल्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीच्या तुलनेत साधारण एक तृतीयांश प्रकाश पोहोचतो. समोरून अप्पर लाईट पडला की दिपलेला डोळा सावरायला वेळ लागतो. मान पूर्वीसारखी वळत नाही. आणि दोन-तीन गोष्टींकडे एकाच वेळी लक्ष देण्याची क्षमता मंदावते. ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात जवळपास १७ मीटर पुढे जाते. म्हणजे ब्रेकवर पाय जायला एक सेकंद उशीर झाला, तर एसटी बसच्या लांबीहून अधिक अंतर तसेच निघून जाते.

पुढच्या वेळी गावी जाल तेव्हा वडिलांसोबत गाडीत बसा. परीक्षा घेतो आहे असे भासवू नका. त्यांना नेहमी जावे लागते तिथे त्यांच्याच वेळेला जा, आणि पाऊणएक तास तोंडातून सूचनेचा एक शब्दही काढू नका. हे कठीण जाते, कारण आपल्याकडे शेजारी बसलेला माणूस सतत "उजवीकडून येतोय बघा", "पुढे गतिरोधक आहे" असे सांगत असतो आणि त्याच्या मदतीवर गाडी चालली आहे हे दोघांच्याही लक्षात येत नाही. चालवणाऱ्याला ती मदत लागते की नाही, हेच आपल्याला पाहायचे आहे. उजवीकडे वळताना समोरून येणाऱ्या वाहनाचा वेग आणि अंतर यांचा अंदाज त्यांना येतो का, याकडे विशेष लक्ष द्या. ज्येष्ठ चालकांचे अपघात चौकात आणि वळताना अधिक होतात, हे जगभरच्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसले आहे. बाजूच्या गल्लीतून निघालेली दुचाकी त्यांना केव्हा दिसते? गाडी डावीकडे कलते का? आरसे पाहतात का? मोकळ्या रस्त्यावर कारण नसताना गाडी अतिशय हळू होते का, किंवा मधेच थबकते का? पाय एका पेडलवरून दुसऱ्यावर नेताना ते खाली वाकून पाहत असतील, तर ती गोष्ट गंभीर समजावी.

मुलाच्या नजरेवर वडिलांचा विश्वास बसत नाही, आणि मुलाचीही नजर कधी भीतीने, कधी मायेने झाकोळते. म्हणून एक व्यवहार्य मार्ग सुचवतो. मोटार ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या बाजूलाही ब्रेक असतो. एखाद्या अनुभवी प्रशिक्षकाला रीतसर शुल्क देऊन तासभर वडिलांना गाडी चालवू द्यावी आणि त्याचे मत विचारावे. परदेशात हे काम प्रशिक्षित ऑक्युपेशनल थेरपिस्ट, म्हणजे रोजची कामे करण्याची क्षमता तपासणारे तज्ज्ञ, करतात. आपल्याकडे जिल्ह्याच्या गावीही अशी सोय सहसा मिळत नाही, तेव्हा तोपर्यंत हा पर्याय पुष्कळ बरा.

त्याच्या जोडीने वैद्यकीय तपासणी करून घ्यावी. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे फक्त चष्म्याचा नंबर तपासून थांबू नये. "बाजूची नजर, म्हणजे फील्ड तपासा आणि काचबिंदू आहे का ते पाहा," असे स्पष्ट सांगावे. काचबिंदूत समोरचे अक्षर शेवटपर्यंत स्वच्छ वाचता येते, पण कडेची नजर हळूहळू, काहीही न दुखता जात राहते. माणसाला त्याचा पत्ताही लागत नाही आणि "कुणीतरी घासून गेलं" असेच त्याला प्रामाणिकपणे वाटत असते. आपले वडील खोटे बोलत आहेत असे म्हणूनच लगेच गृहीत धरू नका. फिजिशियनकडे स्मरणशक्ती आणि लक्ष यांच्या साध्या चाचण्या होतात. त्यांविषयी पुढे एका डॉक्टरांच्या पत्राला उत्तर देताना लिहिले आहे.

या क्षेत्रातले लोक घरच्यांना एक प्रश्न नेहमी विचारतात आणि तो मीही आपल्याला विचारतो. आपल्या पाच-सहा वर्षांच्या मुलाला आजोबांच्या गाडीत मागे बसवून, सोबत दुसरे कुणी न देता, अंबाजोगाईहून लातूरला पाठवाल का? मनात जे उत्तर प्रथम येईल ते लिहून ठेवा आणि डॉक्टरांना सांगा.

प्रश्न : मी ७१ वर्षांचा असून जालन्यात राहतो. गेली ४५ वर्षे गाडी चालवतो आहे, एकदाही अपघात नाही. माझे लायसन्स अजून तीन वर्षे वैध आहे. तरीही मुलगी म्हणते, "बाबा, आता बस करा." कायद्याने जर मला परवानगी दिली आहे, तर मी का थांबावे? आणि वयाची काही कमाल मर्यादा आहे का?

उत्तर : खासगी वाहनाच्या लायसन्ससाठी आपल्या कायद्यात कमाल वयोमर्यादा नाही. मोटार वाहन कायदा १९८८ चा असून २०१९ च्या दुरुस्तीनंतर वय ५५ पूर्ण झालेल्यांचे लायसन्स पाच-पाच वर्षांसाठी मिळते. चाळिशी ओलांडलेल्या अर्जदाराला नोंदणीकृत डॉक्टरांचे वैद्यकीय प्रमाणपत्र, म्हणजे फॉर्म १-ए, जोडावे लागते. मुदत संपण्याच्या आधी एक वर्षापासून नंतरच्या एक वर्षापर्यंत नूतनीकरणाचा अर्ज करता येतो. त्याहून उशीर झाला तर पुन्हा चाचणी द्यावी लागते. पूर्वी मुदत संपल्यावर ३० दिवसांची सवलत होती, ती आता उरलेली नाही. अनेक ज्येष्ठ अजूनही त्या सवलतीच्या भरवशावर असतात, म्हणून मुद्दाम सांगतो. मुदत संपलेल्या लायसन्सवर गाडी चालवताना काही घडले, तर दंडाबरोबरच विम्याच्या दाव्यातही वाद उभा राहू शकतो.

आता आपल्या मूळ मुद्द्याकडे वळतो. ४५ वर्षांची निर्दोष कारकीर्द ही अभिमानाचीच गोष्ट आहे आणि अनुभवी चालक पुष्कळ संकटे आधीच ओळखून टाळतो, हेही मान्य. पण ती कारकीर्द आपल्या मागच्या ४५ वर्षांविषयी सांगते. आजच्या आपल्या डोळ्यांविषयी ती काही सांगू शकत नाही. लायसन्सचेही तसेच. नूतनीकरणाच्या दिवशी आपण तंदुरुस्त होता, एवढेच ते कार्ड सांगते, आणि तेही डॉक्टरांनी प्रामाणिकपणे तपासले असेल तरच. मधल्या पाच वर्षांत काय झाले ते पाहण्याची कोणतीही व्यवस्था नाही. आणि ७० ते ७५ ही पाच वर्षे ३० ते ३५ सारखी नसतात. या काळात मोतीबिंदू पिकतो, मधुमेह पायांत उतरतो, एखादा छोटा पक्षाघात येऊन जातो.

कायदा चालकावरही जबाबदारी टाकतो. शारीरिक किंवा मानसिकदृष्ट्या असमर्थ असल्याचे ठाऊक असताना वाहन चालवणे हा कलम १८६ खाली गुन्हा आहे. पहिल्या वेळी १,००० आणि पुन्हा घडल्यास २,००० रुपयांपर्यंत दंड आहे. रक्कम लहान वाटेल, पण "लायसन्स वैध आहे" एवढ्यावर कायदाही समाधान मानत नाही, हे यावरून दिसते.

म्हणून मुलीला "हो" किंवा "नाही" सांगण्याऐवजी आपणच पुढाकार घ्यावा असे सुचवतो. वर्षातून एकदा डोळे, साखर, रक्तदाब आणि पायांची संवेदना तपासून घ्या आणि अहवाल तिच्या हाती द्या. अंधार पडल्यावर गाडी काढणार नाही, हे आजच ठरवा. ऑक्टोबर ते मार्च हा आपल्याकडे उसाचा हंगाम असतो. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर आणि मागे साधा रिफ्लेक्टरही नसलेल्या बैलगाड्या रात्री रस्त्याने चालत असतात आणि तरण्या डोळ्यांनाही त्या ऐन वेळी दिसतात. समृद्धी महामार्ग आपल्या जवळून जातो, तेथे मोटारींना ताशी १२० किलोमीटरपर्यंत मुभा आहे. पण तेवढ्या वेगाची आणि तासन्तास सरळ रस्त्याची सवय नसेल, तर स्वतः चालवत तेथे जाण्याचा आग्रह धरू नये. दिवसा, ओळखीच्या रस्त्याने, घाई नसताना आपण गाडी चालवत असाल आणि वर सांगितलेली तपासणी ठीक असेल, तर मी आपल्या मुलीला आपली बाजू घेऊन पत्र लिहायला तयार आहे.

प्रश्न : यजमानांना (वय ६८) १८ वर्षांपासून मधुमेह आहे. सकाळी ग्लिमेपिराइडची गोळी आणि रात्री इन्सुलिन घेतात. ते वारकरी असल्याने प्रत्येक एकादशीला निर्जळी नसला तरी कडक उपवास करतात. मागच्या एकादशीला गेवराईजवळ मोटरसायकल चालवताना त्यांना दरदरून घाम आला आणि काही सुचेना. गाडी कडेला लावली म्हणून वाचले. उपवास सोडणार नाहीत. काय करावे?

उत्तर : आपण हे लिहिले ते फार बरे झाले. त्यांना जे झाले ते बहुधा साखर एकदम उतरल्यामुळे झाले. ग्लिमेपिराइड, ग्लिबेनक्लामाइड यांसारख्या गोळ्या आणि इन्सुलिन पोटात अन्न गेले की नाही हे पाहत नाहीत. साखर खाली आणण्याचे आपले काम त्या करतच राहतात. साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली गेली की घाम, थरथर, धडधड, भूक ही लक्षणे येतात, आणि ती आणखी उतरली की मेंदूच गोंधळतो. त्या क्षणी "मला काहीतरी होतंय, थांबावं" हे सुचण्याची शक्तीच नाहीशी होते. बरीच वर्षे मधुमेह असलेल्यांना, तसेच बीटा ब्लॉकर गटातली रक्तदाबाची किंवा हृदयाची गोळी घेणाऱ्यांना धडधड आणि थरथर जाणवेनाशी होते, म्हणजे पूर्वसूचनाच मिळत नाही. यजमान कोणती गोळी घेतात ते पाहावे.

उपवास सोडा असे मी सांगणार नाही. ती त्यांची निष्ठा आहे. परंतु एकादशीच्या दिवशी गाडीला हात लावायचा नाही, एवढा नेम त्यांनी त्या निष्ठेत मिळवावा. उपवासाच्या दिवशी गोळी आणि इन्सुलिनचे प्रमाण किती कमी करायचे किंवा कोणती मात्रा गाळायची, हे त्यांच्या डॉक्टरांना एकादशीच्या आधीच भेटून लिहून घ्यावे. स्वतःच्या मनाने औषध बंद करू नये. इतर दिवशी गाडी काढण्यापूर्वी घरच्या ग्लुकोमीटरवर साखर पाहावी. ती ९० मिलिग्रॅमच्या खाली असेल तर आधी खावे आणि मगच निघावे. लांबच्या प्रवासात दर दोन तासांनी पुन्हा पाहावी. खिशात ग्लुकोजची पुडी किंवा साखर कायम असावी. लक्षण जाणवताच गाडी बाजूला घ्यावी, किल्ली काढावी, तीन-चार चमचे साखर पाण्यात घालून प्यावी आणि साखर पूर्ववत झाल्यावरही ४५ मिनिटे गाडी सुरू करू नये, कारण आकडा सुधारला तरी मेंदू सावरायला तेवढा वेळ लागतो. आणि त्या दिवसाची हकीकत डॉक्टरांना सांगितली नसेल, तर हा अंक हातात असतानाच त्यांना फोन करावा.

प्रश्न : मी परभणी जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी जनरल प्रॅक्टिस करतो. लायसन्सच्या नूतनीकरणासाठी अनेक ज्येष्ठ फॉर्म १-ए वर सही मागायला येतात. बहुतेकांना पाच मिनिटांत सही हवी असते, नाही म्हटले तर ते दुसरीकडे जातात. माझ्याकडे मोठी साधने नाहीत. साध्या दवाखान्यात काय काय तपासता येईल?

उत्तर : डॉक्टरसाहेब, आपल्या पत्राने मला फार समाधान दिले. कायद्याने ज्येष्ठ चालक आणि रस्ता यांच्यामध्ये जवळपास एकच राखणदार उभा केला आहे, तो म्हणजे ही सही. त्याच सहीची किंमत आपल्या व्यवसायातल्या काहींनी न तपासता शिक्का मारून मातीमोल केली आहे, याचे मला मनापासून दुःख होते.

साधने लागत नाहीत. २० मिनिटे लागतात. फॉर्ममध्येच एक उत्तम कसोटी आहे : चांगल्या उजेडात २५ मीटरवरून मोटारीच्या नंबर प्लेटवरचे आकडे ओळखता येतात का. दवाखान्यासमोर ३५ पावले मोजून एक खूण करून ठेवा आणि उभ्या गाडीची पाटी वाचायला सांगा. ताशी ६० च्या वेगाने हे २५ मीटर दीड सेकंदात संपतात, हे वाचू न शकणाऱ्या पेशंटला सांगितले की तो रागावत नाही, गप्प होतो आणि मोतीबिंदूची चिठ्ठी मागतो. लाल-हिरवा रंग, रातांधळेपणा, ऐकू येणे, फिट किंवा भोवळ येण्याचा इतिहास हे प्रश्न फॉर्ममध्ये आहेतच. मात्र "भोवळ येते का?" असे विचारले की उत्तर "नाही" असेच येते. "गेल्या वर्षभरात कधी बसल्या जागी अंधारी आली का, कधी पडलात का?" असे घरच्या माणसासमोर विचारावे.

बाजूची नजर पाहण्यासाठी समोरासमोर बसा, एक डोळा झाकायला सांगा आणि आपले बोट कानाच्या रेषेतून हळूहळू पुढे आणत हलते केव्हा दिसते ते विचारा. मान दोन्ही खांद्यांकडे वळवून मागच्या भिंतीवरचे कॅलेंडर पाहायला सांगा. पायाचा अंगठा दोन्ही बाजूंनी धरून, डोळे मिटलेले असताना, अंगठा वर आहे की खाली हे विचारा. ज्याला ते सांगता येत नाही त्याला पाय ब्रेकवर आहे की अ‍ॅक्सिलरेटरवर हेही कळणार नाही. जमिनीवर दहा फुटांची रेघ आखून ती जमेल तितक्या वेगाने चालत जाऊन परत यायला सांगा. नऊ सेकंदांहून अधिक वेळ लागला तर पायांची ताकद आणि तोल यांकडे अधिक लक्ष द्यावे.

मेंदूसाठी घड्याळ काढायला सांगा : गोल, बारा आकडे, आणि अकरा वाजून दहा मिनिटे. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एक निवृत्त अधिकारी आले होते. स्वच्छ इस्त्रीचा सदरा, अदबशीर बोलणे, गावातली जुनी माणसे, पाऊसपाणी सगळे तोंडपाठ. त्यांनी गोल सुरेख काढला आणि मग एकपासून बारापर्यंतचे सगळे आकडे उजव्या अर्ध्या भागात, एकाखाली एक दाटीवाटीने लिहिले. डावी बाजू कोरी ठेवून कागद माझ्यापुढे सरकवला आणि "झालं," म्हणाले. ते स्वतः गाडी चालवत आले होते. त्यांच्या बोलण्यावरून मी सही केली असती, हे आठवले की आजही अंगावर काटा येतो. त्या दिवशी त्यांच्या मुलाला बोलावून घेतले आणि गाडी तो घेऊन गेला.

दुसरी चाचणी आकडे आणि अक्षरे आलटून पालटून जोडण्याची आहे : १ पासून क, क पासून २, २ पासून ख, अशी. मूळ इंग्रजी अक्षरांच्या चाचणीत तीन मिनिटांहून अधिक वेळ लागणे धोक्याचे मानतात. पण येथे सावध राहा. आपल्या भागात चौथीपर्यंतही शाळा न पाहिलेले शेतकरी ४० वर्षे उत्तम गाडी चालवतात. कागद-पेन्सिलीच्या चाचणीत ते नापास होतील आणि निष्कर्ष चुकीचा निघेल. त्यांच्यासाठी घरच्यांकडून मिळणारी माहिती आणि प्रत्यक्ष रस्त्यावरची चाचणी अधिक भरवशाची. तसे पाहिले तर कोणतीही एक चाचणी एकटीने निर्णय देत नाही.

आणि औषधांची पिशवी टेबलावर उलटी करायला सांगा. झोपेची गोळी, सर्दीच्या गोळीतले क्लोरफेनिरामिन आणि खाजेसाठी सेटिरिझिन ही गुंगी आणणारी औषधे, चक्कर आणणारी रक्तदाबाची दोन-दोन औषधे हे सगळे एकाच पिशवीत निघते. पुष्कळदा गाडी बंद करण्याऐवजी एक गोळी बंद केली की काम भागते. नाकारायची वेळ आलीच, तर कारण लिहून द्या आणि ते सुधारण्याजोगे असेल तर तसे लिहा. दुसरीकडे जाणारे जातील; आपल्या सहीपुरते आपण जबाबदार आहोत.

प्रश्न : उजव्या डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले आहे, डाव्याचे पुढच्या महिन्यात आहे. स्कूटर केव्हापासून चालवू? (वय ६६, नांदेड)

उत्तर : डोळ्यांच्या डॉक्टरांनी नजर मोजून "चालवा" असे सांगेपर्यंत नाही. एका डोळ्यात नवे भिंग आणि दुसऱ्यात जुना मोतीबिंदू असताना दोन्ही डोळ्यांच्या नजरेत फरक पडतो आणि अंतराचा अंदाज चुकतो. दुचाकीवर तो चुकणे महागात पडते. शिवाय वारा आणि धूळ सरळ डोळ्यांवर येते. ऑपरेशननंतर दिलेला काळा चष्मा संध्याकाळी घालून गाडी चालवू नये. दुसऱ्या डोळ्याचे काम होऊन चष्म्याचा अंतिम नंबर मिळाला की रात्रीचा लख्ख प्रकाश पूर्वीपेक्षा खूपच कमी त्रास देतो, असे बहुतेक पेशंट सांगतात. तेवढे थांबावे.

प्रश्न : माझ्या सासऱ्यांना (वय ७९, औसा तालुका) डॉक्टरांनी स्मृतिभ्रंश असल्याचे सांगितले आहे. तरीही ते रोज मोटरसायकल घेऊन शेतात जातात आणि कधीकधी ट्रॅक्टरही सुरू करतात. दोनदा भलत्याच शिवारात सापडले. किल्ली लपवली तर घर डोक्यावर घेतात, सगळ्यांना चोर ठरवतात. दिवसभर खिसा चाचपत असतात, किल्ली हाताला लागली की शांत होतात. यजमान म्हणतात, "अप्पांना कसं सांगायचं?" आम्ही काय करावे?

उत्तर : ताई, वरच्या सगळ्या उत्तरांत मी तपासणी करा, मग ठरवा असे म्हटले. आपल्या बाबतीत ती वेळ मागे पडली आहे. स्मृतिभ्रंशाच्या अगदी सुरुवातीला काही माणसे काही काळ सुरक्षितपणे वाहन चालवतात आणि त्यांची सहा-सहा महिन्यांनी पुन्हा तपासणी करता येते. पण रोजच्या शेताची वाट ज्यांना दोनदा सापडली नाही, त्यांच्या हाती वाहन राहू नये. ट्रॅक्टर तर अधिकच धोक्याचा, कारण बांधावरून किंवा ओढ्याच्या उतारावरून तो उलटतो आणि खाली चालवणारा स्वतःच असतो. शेतात पोलीस नसतो आणि कुणी लायसन्स विचारत नाही, म्हणून तिकडे आपले लक्ष कमी जाते.

"कसं सांगायचं" यावर माझे मत असे की, सांगून, पटवून आणि कबूल करून घेण्याचा प्रयत्न फार करू नये. त्यांचे वय किंवा बुद्धी यांवर वाद घातला की त्यांना अपमान तेवढा लक्षात राहील, वाद राहणार नाही. मुलाच्या तोंडून ही गोष्ट येऊही नये. डॉक्टरांना विनंती करून "तूर्त वाहन चालवू नये" असे त्यांच्या लेटरहेडवर मराठीत लिहून घ्यावे. त्या पिढीला डॉक्टरांच्या कागदाचा मान असतो आणि तो कागद पुन्हा पुन्हा दाखवता येतो. कायद्याचाही आधार आहे. आजारपणामुळे चालक असमर्थ आहे असे मानण्यास सबळ कारण असेल, तर लायसन्स देणारे अधिकारी कलम १६ खाली नवे वैद्यकीय प्रमाणपत्र मागू शकतात किंवा लायसन्स रद्द करू शकतात. लातूरच्या आरटीओ कार्यालयात डॉक्टरांच्या कागदासह लेखी अर्ज देता येईल. हा मार्ग कठोर वाटेल, पण काही घरांत नकार बाहेरच्या माणसाकडून आला की बाप-लेकांतले बोलणे टिकते.

मोटरसायकल त्यांच्या नजरेआड, शक्य तर दुसऱ्या नातेवाइकांच्या घरी न्यावी. दुरुस्तीला दिली आहे असे सांगावे लागले तर सांगावे. या आजारात अशा उत्तरांबद्दल स्वतःला दोष देऊ नये. ट्रॅक्टरची बॅटरीची तार काम संपताच काढून ठेवावी.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्यांना शेतात नेणारे कुणीतरी रोज ठरलेल्या वेळी हवे. गाडी थांबली की माणूस ओट्यावर बसतो आणि ओट्यावर बसलेला माणूस झपाट्याने खचतो, हे मी अनेक घरांत पाहिले आहे. नातू, सालगडी किंवा भावकीतले कुणी, ज्याच्या मागे बसून ते बांधापर्यंत जातील आणि ज्वारीवरून हात फिरवून परत येतील, अशी सोय लावावी. पाहुण्यांकडे किंवा तुळजापूरला जायचे असेल तर एसटी आहे. ७५ वर्षांपुढच्या ज्येष्ठांना महामंडळाच्या बसमध्ये ऑगस्ट २०२२ पासून मोफत प्रवास आहे, ६५ ते ७५ या वयोगटाला तिकिटात निम्मी सवलत आहे, आणि मार्च २०२३ पासून महिलांनाही निम्मे तिकीट लागते, त्यामुळे सासूबाईंना सोबत नेता येईल. अप्पांना एकट्याने मात्र पाठवू नये.

किल्लीविषयी आपण लिहिले ते वाचून थांबलो. वाहन दुसरीकडे गेले की ती किल्ली कशालाच लागणार नाही. ती लपवू नका. त्यांच्या सदऱ्याच्या खिशात ती राहू द्या, आणि सदरा धुवायला टाकताना आठवणीने दुसऱ्या सदऱ्यात ठेवा.